पाच नंबरची स्प्रिंग

आपल्या घरात लिहायचं काम तुझं. तू सातवी पास, मी तिसरीतून पळालेला. पोस्टकार्ड आलं की तू वाचायचीस, उत्तरही तूच लिहायचीस, आणि शेवटी कार्ड माझ्यापुढे धरायचीस, सहीला. मी नाव काढून पेन असं खाली ठेवायचो, जसं काही अख्खं पत्र मीच लिहिलंय. तू त्याच्यावर कधी काही बोलली नाहीस.

आता इथल्या, चंदीगडातल्या आपल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले, "मिस्त्रीकाका, अंकासाठी काकूंवर लिहून द्या. जन्म कुठला, शिक्षण किती, स्वभाव कसा, हळदीकुंकवाला काय काय करायच्या." मी म्हटलं, जन्म-शिक्षण तुम्हाला माहीत आहे, स्वभाव मला अजून कळलेला नाही. मला लिहायचंय ते बंदुकीचं. ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारा दुःखात काहीतरी बरळतोय.

तुझी ती स्प्रिंगची बंदूक मंडळात कोणाला ठाऊक नाही? लोक मुद्दाम बघायला यायचे. पण तिच्या पाचव्या स्प्रिंगमध्ये मी काय केलं ते फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. तुला गावी न्यायचा शब्द मी दिला होता, आणि तो पाळायला लागू नये म्हणून मी ती स्प्रिंग तशी केली. तू विचारलंस तेव्हाही कबूल केलं नाही. म्हणून लिहितोय. शुद्धलेखन सेक्रेटरी सुधारणार आहेत, पण एकही वाक्य बदलायचं नाही असं त्यांना बजावलंय.

दोन वर्षांमागे, उन्हाळा लागताना, तुझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय दोन महिन्यांत धरायला लागला. बोलणं जड झालं, पण कळायचं. हात मात्र मांडीवर पडून असायचा, दुसऱ्याचा कोणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा. मोठ्या हॉस्पिटलातला डॉक्टर आपला नागपूरचा निघाला. त्याने दाबायला रबरी चेंडू दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, या हाताला रोज काम द्या. हाताला विसर पडू देऊ नका." घरी आल्यावर तू तो चेंडू डाव्या हाताने खाटेखाली सोडून दिलास.

"मला काय पाळण्यात घातलंय व्हय?"

मी काढून दिला, तू पुन्हा सोडलास. आठ दिवस हेच चाललं. मी ओरडायचो, तू भिंतीकडे बघायचीस.

मग ती कबुतरं आली. आपल्या पोराची, वसंताची बायको पिंजौरहून येऊन व्हरांड्यात सांडगे घालून गेली होती आणि कबुतरं त्यावर बसली होती. तू खाटेवरून "हाड हाड" करत होतीस, ती ढिम्म. तू म्हणालीस, "ही पन सरकारी नोकरीतली दिसत्यात. हलायचं नाव न्हाई." वसंताच्या पोरीची पत्र्याची पिस्तूल उशाशी राहिली होती, आत रबरी बाण अडकलेला. ती तू डाव्या हातात घेतलीस. आणि मागची मूठ ओढायला तुझा उजवा हात मांडीवरून उठला. आपण होऊन उठला. वीतभर वर आला, मुठीला बोटं लागली आणि घसरली. तुझ्या लक्षातही आलं नाही, तू कबुतरांकडेच बघत होतीस. मी दारात उभा होतो. मी बघितलं.

त्याच दिवशी ती पिस्तूल खोलली. आत स्प्रिंग म्हणजे नुसतं नाव, आणि सगळं अंग पोराच्या हाताच्या मापाचं. दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, हिच्यासाठी आपणच करायची.

प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये मी सगळी नोकरी दुसऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगवर काम केलं. साहेब कागद टाकायचे, मी लोखंड त्या मापात आणायचो. सहासष्ट साली बदली होऊन इकडे आलो तेही तसंच, कागद आला आणि आलो. ही पहिली वस्तू जिचं ड्रॉइंग माझं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी ते कोळशाने काढलं आणि तुला दाखवलं नाही. सायकलच्या पंपाची नळी घ्यायची. आत लोखंडी दांडा, दांड्यावर स्प्रिंग. दांडा मागे ओढला की स्प्रिंग दबते आणि दांड्याच्या खाचेत खटका बसतो. चाप ओढला की खटका सुटतो, दांडा पुढे झेपावतो आणि पुढ्यातल्या बाणाला ढकलून देतो. समजायला सोपं आहे, पण पहिल्या खेपेला एकही गोष्ट बरोबर आली नाही.

पहिली बंदूक मी हातात धरायची केली. ती तुला उचलेना. मग नळी लाकडाच्या फळीवर पट्ट्यांनी कसली आणि फळी खाटेच्या कडेला दोन क्लँपनी बसवली. बंदूक आपली जागा सोडणार नाही, तू फक्त ओढायचं. मग बाण. मी सागाची काठी तासून बाण केला होता. तो नळीतून निघाला आणि तुझ्या पायापाशी पडला. तू त्याच्याकडे बघून म्हणालीस, "अगं बया, याच्यावरनं पन वारं गेलंया." मला हसायला आलं नाही. आता येतं, आणि मग बसून राहावं लागतं.

लाकूड जड पडत होतं. आपल्याकडे सरकंड्याचा, म्हणजे इकडच्या बोरूसारख्या गवताचा, बसायचा मोडका मुढा होता, घरमालकीण बीजींनी दिलेला. त्यातला एक सरकंडा ओढून बाण केला. वेताहून हलका आणि सरळ. डोळ्यात औषध घालायच्या ड्रॉपरची रबरी टोपी कापून उलटी केली आणि टोकाला बसवली, थुंकी लावली की चिकटायची. नेम धरायला तुझीच पितळी परात भिंतीवर टांगली आणि मध्ये कुंकवाचा टिळा लावला.

राहिली मागची मूठ. गोल केली, हातातून निसटली. कडी केली, बोटं आत जाऊन अडकली आणि तू कळवळलीस. मी तिसरी मूठ घासत बसलो होतो, तेव्हा तू म्हणालीस, "अवो, उभा खुंटा लावा. जात्याचा असतो तसा."

"त्याने काय होणार?"

"ह्या हाताला दुसरं काय येत न्हाई. खुंटा येतो."

मी तुझ्यावर खेकसलो. यंत्रातलं तुला काय कळतंय म्हणालो. मग तू दुपारी झोपल्यावर गुपचूप खुंटा तासला आणि उभा बसवला. उठलीस, बघितलंस. हात खुंट्यावर ठेवलास आणि तुझी बोटं मिटली. अंगठ्यासकट मिटली. डॉक्टर इतके दिवस ज्या मुठीसाठी मागे लागला होता ती मूठ.

पुढे जो कोणी बघायला आला त्याला मी सांगितलं, "मी विचार केला, हिच्या हाताला लहानपणापासून कशाची सवय?" सेक्रेटरींना सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, वसंताला सांगितलं. तू तिथेच बसलेली असायचीस आणि ऐकून घ्यायचीस. खुंटा तुझा होता. हे पण लिहून ठेवतो.

स्प्रिंगा मी व्हाइसच्या शिकंज्यात सळई धरून हाताने वळल्या. तार जितकी जाड, तितकी स्प्रिंग कडक. वेढे कमी केले तरी कडक होते. हे मला कोणत्या पुस्तकातून नाही, हातातून कळलेलं आहे. मी सगळ्यांना चाळीस वेढे ठेवले आणि दर खेपेला तार थोडी जाड घेतली. टोकाला तिकोनी कानशीने खाच पाडायची. एक खाच म्हणजे एक नंबर, दोन खाचा म्हणजे दोन नंबर. एक नंबर इतकी मऊ की फुंकरीने दबेल. ती तू तिसऱ्या दिवशी ओढलीस. बाण परातीवर जाऊन टप्पदिशी चिकटला आणि परात वाजत राहिली. तू परातीकडे बघितलंस आणि मग आपल्या हाताकडे.

भांडी पडली असं समजून बीजी खालून धावत वर आल्या. "की होया? भांडे डिग्गे?" मग परातीवरचा बाण बघितला आणि खाटेवर बसून टाळ्या पिटायला लागल्या, कबुतरं सोडून एक मला मारायला सांगायला लागल्या. "भैणजी, कबूतर छड्डो, इक मिस्त्रीजी नूं वी मारो!"

"उनको मारके क्या फायदा," तू म्हणालीस. "वो तो पूरे लोहे के हैं."

बीजींनी बाण भरला आणि मी परातीपुढे वाकलो तसा मारलास. माझ्या टकलावर बसला, बरोबर मधोमध, आणि चिकटून राहिला. बीजींना हसून हसून ठसका लागला. पंधरा वर्षांत चंदीगडात तुला तसं हसताना मी बघितलं नव्हतं, तोंड एका बाजूला ओढलेलं आणि डोळ्यांत पाणी. आणि मी काय केलं? बाण उपटून खाटेवर फेकला आणि दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. परक्या बाईसमोर माझं हसं केलंस म्हणून.

दिवाळीच्या आधी तू तीन नंबरवर आलीस. भाकरीचं पीठ मळायला लागलीस, वेणी घालायला लागलीस. एका सकाळी तीन नंबर लागोपाठ दहा वेळा ओढलीस, हात पुसलास आणि म्हणालीस, "मला घरी न्या."

"घरीच आहेस की."

"हे घर न्हवं. ह्याला नाव तरी हाय का? सेक्टर अमुक, मकान तमुक. आपुन आकड्यात ऱ्हातो. मला गावाकडं न्या. हात-पाय चालत्यात तवर."

मी परातीवरचा बाण काढायला उठलो. मला का जायचं नव्हतं ते तुला माहीत होतं. वाचणाऱ्याला माहीत नाही म्हणून लिहितो. एकोणसत्तर साली माझी आई गेली. तार मिळाली, निघालो, दिल्लीत गाडी बदलून कराडला पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. आईला अग्नी देऊन झाला होता. भावकी अंगणात बसलेली, आणि माझा धाकटा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "या साहेब. अरं, साहेबांस्नी चहा टाका, लांबनं आल्यात." बस्स, एवढंच. मी चपला काढल्या नव्हत्या. तसाच मागे फिरलो आणि सांगितलं, पुन्हा या गावचं पाणी पिणार नाही. तुझं माहेर त्याच आळीत, तीन घरं सोडून. तुझी आई दारात उभी होती. तू पिशवी घेऊन माझ्या मागून चालत आलीस, तिला नुसता हात करून. पुढे तीही गेली. मी म्हणालो, तू जाऊन ये. तू गेली नाहीस, म्हणालीस, नवऱ्याला सोडून मी एकटी त्या आळीत कशी शिरू? माझं पाणी बंद होतं म्हणून तू तुझंही बंद केलंस. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाईने असंच वागायचं, असं वाटलं.

तर त्या सकाळी तू म्हणालीस, न्या. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं, आणि हो म्हणायला मान वाकत नव्हती. मी बंदुकीकडे बघितलं आणि म्हणालो, "पाच नंबर ओढ. ओढलीस की दुसऱ्या दिवशी तिकीट काढतो."

पाच नंबर तेव्हा झालीही नव्हती. चार नंबरही नव्हती.

"शबूद?"

"शब्द."

तू मान हलवलीस आणि त्या दिवसापासून कामाला लागलीस. चार नंबरला तुला सात महिने लागले. इथली थंडी तुला कधीच सोसली नाही. सकाळी धुक्यात समोरचं झाड दिसायचं नाही, हाताची बोटं काळीनिळी व्हायची. बीजींच्या अंगिठीवर हात शेकून यायचीस आणि खुंटा धरायचीस. वीस वेळा ओढायचं, खटका लागायचा नाही. वीस वेळा झालं की आंघोळीच्या पाण्याची वर्दी द्यायचीस, जसं काही झालंच नाही. उन्हाळा लागला, पंखा गरम वारा ओतायला लागला, आणि एका सकाळी मी दाढी करत असताना मागे "टप्प" झालं. मी वळून बघितलं. चार नंबरचा बाण कुंकवावर.

तू म्हणालीस, "आता पाच बसवा."

मला आनंद व्हायला हवा होता. डॉक्टर म्हणाला होता निम्मा हात आला तरी पुष्कळ, आणि तुझा जवळजवळ सगळा आला होता. पण मला डोळ्यापुढे अंगण दिसलं आणि चहा दिसला.

पाच नंबर मी एका दुपारी मागच्या व्हरांड्यात वळली. आता जे लिहितो ते नीट वाच. पहिल्यांदा मी ती बरोबर वळली, चाळीस वेढ्यांची, तार नियमाने थोडी जाड. नळीत घालून ओढून बघितली. माझ्या हाताला लगेच कळलं, ही तू दसऱ्यापर्यंत ओढणार. मी ती बाहेर काढली. सव्वीसाव्या वेढ्यावर तोडली, टोक सपाट घासलं, पाच खाचा पाडल्या. तोकडी झाली म्हणून मागे उरलेल्या जागेत पत्र्याच्या नळीचा तुकडा घातला, पॅकिंग म्हणून. मग ओढून बघितली. मला दोन्ही हात लावावे लागले. काम चोख झालं होतं.

तू उठलीस. मी म्हणालो, "घे, ही पाच."

तू ओढलीस. खुंटा बोटभर मागे आला आणि थांबला. तू म्हणालीस, "ही लई ताठ हाय."

"पाच आहे ती. ताठ असणारच."

"व्हय," म्हणालीस, "म्हनून तर घरी नेनार तुमी."

आषाढ, श्रावण, भाद्रपद. रोज वीस वेळा. खाटेच्या कठड्याला पाय लावून ओढायचीस. खांदा सुजला. संध्याकाळी मी त्याला तेल चोळायचो, ज्या हाताने स्प्रिंग तोडली त्याच हाताने. वसंता एका रविवारी पिंजौरहून आला, त्याने खुंटा ओढून बघितला आणि म्हणाला, "बाबा, ये तो मुझसे भी नहीं खिंच रही. आई के लिए चार ही रहने दो ना." मी त्याच्या अंगावर धावून गेलो. म्हटलं, मशीनच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणजे मला शिकवायला आलास काय. त्याने खुंटा सोडला. तू त्याच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ.

दिवाळीनंतर एकदा मी रेशनच्या रांगेतून परत आलो तर खाटेवर फडकं पसरलेलं होतं. त्यावर पाचही स्प्रिंगा ओळीने मांडलेल्या. बाजूला पत्र्याची नळी. बंदुकीचं मागचं बूच तू बीजींकडून फिरवून घेतलं होतंस. बीजी मला बघून खाली निघून गेल्या.

"चारींला चाळीस येढं हायेत," तू म्हणालीस. "हिला सव्वीस."

"तार वेगळी आहे. हिला तेवढेच लागतात."

"आनि ही नळी?"

"पॅकिंग."

तू पाच नंबर उचलून फडक्यावर वेगळी ठेवलीस. फिरवून बोलायची तुझी तऱ्हा नव्हती. तू हळू, एकेक शब्द नीट लावून म्हणालीस, "तुमास्नी जायाचं न्हाई, एवढं तोंडानं सांगितलं असतं, तरी मी काय तुमास्नी ओढून नेनार हुते? बदलीवर आलो, मला न इचारता. आईच्या दारातनं फिरलो, मला न इचारता. ऱ्हायलो इथंच, मला न इचारता. मी आले न्हवं मागनं? मग ह्याच्यातच लबाडी कशापायी?"

मी म्हणालो, "लबाडी नाही. तुला यंत्रातलं कळत नाही."

हे मी तुला त्या गोष्टीवर बोललेलं शेवटचं वाक्य. तुला यंत्रातलं कळत नाही. ज्या बाईने चार महिने सोसून, शेवटी वेढे मोजून माझी चोरी पकडली तिला म्हणालो.

मला वाटलं होतं तू आता बंदूक फेकून देशील. रडशील, निदान जेवणार नाहीस. तू म्हणालीस, "बसवा परत."

"कुठली?"

"पाच."

मी बसवली. तीच, सव्वीस वेढ्यांची, नळीच्या तुकड्यासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आंघोळीआधी पाय कठड्याला लावलास आणि ओढायला लागलीस. वीस वेळा. बोटभर मागे येऊन थांबायची. ओढून झालं की तू माझ्याकडे बघायचीस. रागाने नाही. चहात साखर पुरेशी आहे का असं विचारताना बघावं तसं. मी पेपर वर धरायचो.

का ओढत होतीस? ही ओढली जाणार नाही हे तुला माहीत झालं होतं. मी किती विचार केला. मला आधी वाटलं हट्ट. तू हट्टी होतीसच, माझ्याबरोबर राहून कोण नाही होणार. पण हट्ट असा रोज सकाळी शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत नाही. आता वाटतं, तू मला जागा देत होतीस. रोज एकदा. म्हणजे मी एखाद्या दिवशी पेपर खाली ठेवीन आणि म्हणेन, पुरे, ही मी मुद्दाम तशी केली, चल, जाऊ. एवढंच म्हणायचं होतं. दिवाळीपासून माघापर्यंत किती सकाळी झाल्या त्या मला मोजायच्या नाहीत. मी एकदाही पेपर खाली ठेवला नाही. एकदा ठेवणार होतो. पावसाचा दिवस होता, तुझा खांदा इतका दुखत होता की तू बाराव्याला थांबलीस. माझं तोंड उघडलं. तू वाट बघितलीस. मी म्हणालो, "चहा टाकू का?"

तू म्हणालीस, "टाका."

दुसऱ्यांदा वारं आलं तेव्हा तू उन्हात मटार सोलत बसली होतीस, बीजींबरोबर. बीजी सांगतात, एक शेंग हातात धरून तू थांबलीस आणि म्हणालीस, "इनको बोलना." काय, ते आलं नाही. मी खाली आलो तेव्हा तुझे डोळे उघडे होते पण मला धरत नव्हते. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच प्राण सोडलास. उजवा हात माझ्या हातात होता. त्याला ताकद होती अजून, शेवटपर्यंत होती, नर्सही म्हणाली. ती ताकद तुझी तू मिळवलेली. मी मधे आलो नसतो तर ती घेऊन तू गावी जाऊन आली असतीस.

वसंता अस्थी घेऊन हरिद्वारला गेला. दहाव्याला मंडळाची माणसं आली. घग्गर नदीच्या वाळूत पिंड मांडले. मी नऊ दिवस एक वाक्य तयार करत होतो. मला माहीत होतं, कावळा शिवायचा नाही. तुझी इच्छा राहिलेली, कसा शिवेल? मग सगळे एकमेकांकडे बघतील, कोणीतरी विचारेल, काय राहिलं होतं हो काकूंचं? मग मला पुढे व्हावंच लागेल, हात जोडून सगळ्यांच्या देखत म्हणावंच लागेल, हिला गावी जायचं होतं, मी लबाडी केली. मी त्याच्यावर अवलंबून होतो. म्हटलं, आता तरी सुटका नाही.

गुरुजी मागे सरकायच्या आत कावळा खाली आला. एकच, आणि सरळ तुझ्या पिंडावर. लोक म्हणाले, "बघा! लगेच. काही राहिलं नव्हतं हो काकूंचं. सुखाने गेल्या." सेक्रेटरींनी माझा खांदा दाबला. "भाग्यवान आहात काका."

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. कोणी तोंड धरलं नव्हतं. मी मान हलवली. भाग्यवान, म्हणून मान हलवली.

तिथे उभे होते ते सगळे हा अंक वाचतील. त्यांना सांगतो, तिचं राहिलं होतं. कावळ्याला काय कळलं मला माहीत नाही. कदाचित तिने तिथेही माझ्याकडे काही मागायचं नाही असं ठरवलं असेल. पण राहिलं होतं. तिला नदीकाठच्या आपल्या गावात एकदा जाऊन यायचं होतं, त्यासाठी तिने मेलेला हात जिवंत केला, आणि मी स्प्रिंग सव्वीसाव्या वेढ्यावर तोडली. तार वेगळी नव्हती. चाळीसच लागतात. मी मुद्दाम तोडली.

माफी मागत नाही. ती तुझ्यासमोर मागायची होती, ते झालं नाही, आता कागदावर मागून मोठेपणा कशाला मिरवू.

काल वसंता आला होता. जाताना दारात थांबून म्हणाला, "बाबा, एक बार गाँव हो आते हैं. चाचा की चिट्ठी भी आई है. आप बोलो तो छुट्टी डाल दूँ." मी म्हणालो, "काही गरज नाही." सवयीने म्हणालो. त्याने मान हलवली, स्कूटर चालू केली आणि गेला. स्कूटरचा आवाज वळणावर गेला आणि माझ्या मनात आलं, असं आपलं आपण ठरवायचं नाही. म्हणून मी आत वळलो आणि तुला हाक मारली, विचारायला, जायचं का.